राद्वान्स्काच्या कारकिर्दीला अपुरी म्हणू नका

अग्निएश्का राद्वान्स्काचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. छान खेळायची, पण ग्रँड स्लॅम काही जिंकता आली नाही. २०२० मध्ये इगा श्वीऑनटेकने फ्रेंच ओपन जिंकली आणि पोलंडला एकेरीतलं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळालं, तेव्हापासून या वाक्याला आणखी धार आली. २०२५ च्या जुलैत इगाने विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात अमांडा ॲनिसिमोव्हाला ६-०, ६-० असं हरवलं, तेव्हाही माझ्या ओळखीतल्या टेनिसवेड्यांनी तेच म्हटलं: जे राद्वान्स्काला जमलं नाही ते या मुलीने करून दाखवलं.

मला हे पटत नाही. मी पुण्यात मुलामुलींना टेनिस शिकवते. कोर्टावर जे शब्दांनी समजावता येत नाही ते दाखवण्यासाठी मी मोबाइलवर एखादी रॅली लावते, आणि ती बहुतेक वेळा राद्वान्स्काची असते. तिच्या कारकिर्दीला अपुरी म्हणण्यात तिच्यावर अन्याय होतोच. पण त्याहून मोठं नुकसान आपलं होतं, कारण टेनिसमध्ये काय पाहायचं हेच आपण विसरत चाललो आहोत.

आधी तिने काय केलं ते नीट सांगायला हवं. जन्म १९८९ चा, क्राकूवचा. वडील रोबेर्त हे टेनिस प्रशिक्षक. जर्मनीत ग्रोनाऊ गावातल्या क्लबमध्ये ते शिकवत होते, त्या काळात चिमुरड्या अग्निएश्काच्या हातात रॅकेट आली. धाकटी बहीण उर्शुला जर्मनीतच जन्मली. पुढे कुटुंब क्राकूवला परतलं आणि दोघी बहिणी वडिलांकडेच घडल्या. अग्निएश्काने २००५ मध्ये विम्बल्डनची आणि २००६ मध्ये फ्रेंच ओपनची मुलींची स्पर्धा जिंकली. २००७ मध्ये उर्शुलाही विम्बल्डनची ज्युनिअर विजेती झाली. एका घरात, एका बापाच्या हाताखाली, तीन वर्षांत तीन ज्युनिअर ग्रँड स्लॅम!

ऑगस्ट २००७ मध्ये स्टॉकहोमला तिने व्यावसायिक दौऱ्यावरचं पहिलं विजेतेपद मिळवलं. डब्ल्यूटीए दौऱ्यावर एकेरीची स्पर्धा जिंकणारी ती पहिली पोलिश महिला. त्यानंतर २०१६ च्या बीजिंगपर्यंत एकूण वीस विजेतेपदं झाली. २०११ ते २०१६ अशी सलग सहा वर्षं वर्षअखेरीस ती जगातल्या पहिल्या दहांत होती, आणि जुलै २०१२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. २००६ च्या विम्बल्डनपासून २०१८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनपर्यंत तिने सलग ४७ ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळल्या, एकही चुकवली नाही. बक्षिसांची कमाई सुमारे पावणेतीन कोटी डॉलर.

हे सगळं तिने कोणत्या काळात केलं, हा खरा मुद्दा. महिला टेनिसमध्ये तेव्हा ताकदीचं राज्य होतं. सेरेना विल्यम्स, मारिया शारापोवा, पेट्रा क्विटोवा, व्हिक्टोरिया अझारेन्का. या सगळ्या चेंडूवर तुटून पडणाऱ्या. उंच उडी घेतलेली सर्व्हिस, त्यावर तसाच तडाखेबंद रिटर्न, दोन-तीन फटक्यांत गुण संपलेला. राद्वान्स्काकडे यातलं काहीच नव्हतं. उंचीने ती ठीक, पाच फूट आठ इंच, पण अंगाने सडपातळ. दुसरी सर्व्हिस तर इतकी हळू की समोरची खेळाडू दोन पावलं पुढे येऊन तिची वाटच पाहत असे. अशा सर्व्हिसवर कोणी पहिल्या शंभरात टिकेल, असं कोणताही प्रशिक्षक छातीठोकपणे सांगणार नाही. ही मुलगी त्याच सर्व्हिसवर दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

कशी गेली, हे समजून घ्यायचं असेल तर तिचे पाय आणि मनगट पाहावं लागतं. बेसलाइनवर खोल, सपाट, जोरात आलेला चेंडू. बाकीच्या खेळाडू अशा वेळी मागे सरकतात किंवा नुसता परतवतात. राद्वान्स्का जागच्या जागी खाली बसायची, गुडघा जवळजवळ जमिनीला टेकेपर्यंत, आणि टप्पा पडताक्षणी चेंडू उचलून दुसऱ्याच कोपऱ्यात टाकायची. जोर समोरच्या खेळाडूचाच, दिशा हिची. या फटक्याला स्विंग जवळपास नसतो. रॅकेटचा चेहरा योग्य कोनात आणि योग्य क्षणी तिथे असावा लागतो, बाकी काम चेंडू करतो. वाचायला सोपं वाटतं. माझ्या अनुभवात, चांगल्या तयारीच्या मुलालाही चालत्या रॅलीत हे शंभरात पाच वेळा जमत नाही.

मग तिचा ड्रॉप शॉट. फोरहँडची तयारी पूर्ण, खांदा वळलेला, समोरची खेळाडू मागे धावायला निघालेली, आणि शेवटच्या क्षणी पकड सैल होऊन चेंडू जाळ्यापलीकडे अलगद उतरलेला. समोरची धापा टाकत पोहोचलीच, तर पुढचा लॉब तिच्या डोक्यावरून. २०१३ मध्ये मायामीत कर्स्टन फ्लिपकेन्सविरुद्ध जाळ्याजवळ तिने स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेऊन मारलेली बॅकहँड व्हॉली अजूनही लोक शोधून शोधून पाहतात. २०१३ पासून सलग पाच वर्षं वर्षातल्या सर्वोत्तम फटक्याचा डब्ल्यूटीएचा मान तिलाच मिळाला आणि २०११ ते २०१६ अशी सहा वर्षं चाहत्यांनी तिला आपली आवडती खेळाडू म्हणून निवडलं. ग्रँड स्लॅम जिंकलेल्या कितीतरी जणी त्याच यादीत होत्या. तरी मतं हिला पडली. जगभरच्या प्रेक्षकांना तिच्या खेळात काहीतरी दिसत होतं, ते चषकांच्या तक्त्यात मावणारं नव्हतं.

तिच्या डोक्याबद्दल बोलायचं तर २००७ च्या अमेरिकन ओपनमधला तिसऱ्या फेरीचा सामना घ्यावा. समोर गतविजेती शारापोवा, आर्थर ॲश स्टेडियम, वारा सुटलेला. राद्वान्स्का अठरा वर्षांची. शारापोवाच्या दुसऱ्या सर्व्हिसच्या वेळी ती बेसलाइनच्या बरीच आत येऊन उभी राहिली आणि चेंडू उडवला जात असताना इकडून तिकडे हलत राहिली. नियमात बसणारी, पण भल्याभल्यांची लय मोडणारी युक्ती. शारापोवाच्या हातून एकामागून एक डबल फॉल्ट झाले आणि सामना ६-४, १-६, ६-२ असा या मुलीने खिशात घातला. काही जणांना ते खटकलं. मला त्यात हिशेबी धाडस दिसतं. सर्व्हिसच्या जोरात आपण हिच्याशी बरोबरी करू शकत नाही, तर मग तिची सर्व्हिसच डळमळीत करू, हा विचार अठराव्या वर्षी जगातल्या सर्वांत मोठ्या कोर्टवर सुचणं आणि तो अमलात आणणं सोपं नाही.

आता ७ जुलै २०१२. विम्बल्डनचा अंतिम सामना. पोलंडची कोणी महिला या सामन्यात याआधी उतरली होती ती १९३७ मध्ये. याद्विगा येंजेयोव्स्का, तीही क्राकूवचीच, दणदणीत फोरहँडसाठी नावाजलेली. ती डोरोथी राउंडकडून तिसऱ्या सेटमध्ये ५-७ अशी हरली. त्याच वर्षी अमेरिकेत आणि १९३९ मध्ये फ्रान्समध्येही ती अंतिम फेरीत हरली, आणि मग सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर युद्ध कोसळलं. खेळाडूची उमेदीची वर्षं त्यात गेली. १९३७ च्या त्या सामन्यानंतर ७५ वर्षं गेली तेव्हा त्याच शहरातली दुसरी मुलगी त्या हिरवळीवर उभी राहिली.

समोर सेरेना. राद्वान्स्का श्वसनाच्या त्रासाने बेजार होती. पहिला सेट १-६. इथे बहुतेक सामने संपतात. दुसऱ्या सेटमध्ये ती मागे होती, तिथून चिवटपणे परत आली आणि सेट ७-५ असा काढला. तिसऱ्यात २-१ अशी पुढेही गेली. सेरेनाने पुढच्याच गेममध्ये चार एस मारले. चार सर्व्हिस, चार गुण, एका मिनिटाच्या आत गेम खलास. त्यानंतर राद्वान्स्काला गेम मिळाला नाही. जिंकली असती तर ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली असती.

त्या चार सर्व्हिसवर कोणत्याही बुद्धीचं, कोणत्याही मनगटाचं काही चाललं नसतं, कारण रॅकेट चेंडूला लागलीच नाही. ज्या खेळाडूने टेनिसच्या इतिहासातल्या सर्वांत भेदक महिला सर्व्हिसपुढे, आजारी अंगाने, सामना तिसऱ्या सेटमध्ये नेला, तिची कारकीर्द त्या एका सामन्यामुळे उणी ठरवायची, हा न्याय मला कळत नाही. सेरेनाला तिने दौऱ्यावरच्या अधिकृत सामन्यात कधीच हरवलं नाही, हे खरं. हॉपमन कप या मिश्र सांघिक स्पर्धेत जानेवारी २०१५ मध्ये हरवलं आणि येर्झी यानोविचच्या साथीने पोलंडला तो कप मिळवून दिला, पण तो निकाल अधिकृत आकड्यांत धरला जात नाही.

दुसरी बाजूही मी लपवत नाही. २०१३ चं विम्बल्डन तिचं व्हायला हवं होतं. सेरेना, शारापोवा, अझारेन्का तिघीही स्पर्धेबाहेर गेल्या होत्या. उपांत्य सामन्यात सबिन लिसिकीविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ती ३-० ने पुढे होती आणि ७-९ अशी हरली. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तर तिने उपांत्यपूर्व फेरीत दोन वेळच्या विजेत्या अझारेन्काला ६-१, ५-७, ६-० असं हरवलं. तो तिसरा सेट म्हणजे टेनिसची शिकवणीच होती. लॉब, ड्रॉप, मागे वळून मारलेले फटके, आणि अझारेन्काला काय करावं ते सुचत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी उपांत्य फेरीत डॉमिनिका सिबुल्कोवाने तिला ६-१, ६-२ असं उडवलं. अझारेन्काशी खेळून पाय रिकामे झाले होते. ताकदीच्या खेळाडूला गुण दोन फटक्यांत मिळतो, तिला त्यासाठी दहा-बारा फटके खेळावे लागत. दोन आठवड्यांत सात सामने अशा हिशेबाने खेळायचे तर शरीर कुठेतरी हात टेकतंच. दुसरी सर्व्हिस थोडी सुधारली असती तर हे ओझं कमी झालं असतं, असं मला प्रशिक्षक म्हणून वाटतं. ही तिच्या खेळातली खरीखुरी उणीव होती.

पण त्याच उणिवेसह ती सिंगापूरला गेली, ऑक्टोबर २०१५ मध्ये. ते वर्ष तिला वाईट गेलेलं. मार्टिना नवरातिलोवाला प्रशिक्षक म्हणून घेण्याचा प्रयोग काही महिन्यांत संपला होता आणि क्रमवारीतली जागा घसरली होती. वर्षअखेरच्या आठ सर्वोत्तम खेळाडूंच्या स्पर्धेत ती शेवटच्या टप्प्यात कशीबशी पोहोचली आणि गटातले पहिले दोन्ही सामने हरली, शारापोवाकडून आणि फ्लाव्हिया पेनेट्टाकडून. तिसऱ्या सामन्यात सिमोना हालेपविरुद्ध पहिल्या सेटच्या टायब्रेकमध्ये १-५ अशी मागे होती. तिथून टायब्रेक जिंकला, सामना जिंकला. शारापोवाने पेनेट्टाला हरवल्यावर उपांत्य फेरीचं दार उघडलं. तिथे मुगुरुझाला तीन सेटमध्ये हरवलं, मग अंतिम सामन्यात क्विटोवाला ६-२, ४-६, ६-३. जगातल्या आठ जणींतून ती विजेती. ग्रँड स्लॅममध्ये सोडत नशिबाने सोपी निघू शकते. इथे पहिल्या दिवसापासून समोर पहिल्या दहांतल्याच खेळाडू असतात. हे विजेतेपद आपण ग्रँड स्लॅमपेक्षा हलकं का मानायचं?

आपल्याकडच्या जुन्या प्रेक्षकांना ही गोष्ट पटायला जड जाऊ नये, कारण आपण रमेश कृष्णनला पाहिलं आहे. १९७९ मध्ये विम्बल्डन आणि फ्रेंच या दोन्ही ज्युनिअर स्पर्धा त्याने जिंकल्या. वडील रामनाथन कृष्णन विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठलेले. सर्व्हिस अशी की प्रतिस्पर्ध्यांना हायसं वाटावं, आणि हात असा की त्याच प्रतिस्पर्ध्यांनी पाहत राहावं. ग्रँड स्लॅममध्ये तो उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे गेला नाही. पण १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने गतविजेत्या मॅट्स विलँडरला घरी पाठवलं, आणि १९८७ मध्ये भारताला डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत नेणाऱ्या संघात तो होता. रमेशचं नाव आजही आपण आदराने घेतो. चषक मोजून घेत नाही.

राद्वान्स्काचा आणखी एक निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. २०११ मध्ये तिने वडिलांचं प्रशिक्षण थांबवलं आणि तोमाश विक्तोरोव्स्कीबरोबर काम सुरू केलं. वय बावीस. ज्या बापाने हातात रॅकेट दिली, दोन लेकींना जागतिक पातळीवर आणलं, त्याला थांबा म्हणायचं. त्याच वर्षी टोकियो आणि बीजिंग या मोठ्या स्पर्धा तिने पाठोपाठ जिंकल्या, पुढच्या वर्षी मायामी आणि विम्बल्डनची अंतिम फेरी. घरात घडलेल्या खेळाडूला कधीतरी घराबाहेर पडावं लागतं, आणि ते पालकांनी मनावर घेऊ नये, हे मी अनेक आई-वडिलांना तिचं उदाहरण देऊन सांगत आले आहे. तेच विक्तोरोव्स्की पुढे डिसेंबर २०२१ पासून जवळपास तीन वर्षं इगाचे प्रशिक्षक होते. २०२२ मध्ये इगाने सलग ३७ सामने जिंकले ते त्यांच्याबरोबर. मोठ्या स्पर्धांतल्या अव्वल खेळाडूसोबत वर्षानुवर्षं कसं काम करायचं, हे ते राद्वान्स्काच्या बाजूला बसून शिकले होते. इगाच्या यशाशी राद्वान्स्काची तुलना करताना एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

१४ नोव्हेंबर २०१८ ला तिने निवृत्ती जाहीर केली. वय अवघं २९. पायाच्या दुखण्याने आदली दोन वर्षं तिला नीट सराव करू दिला नव्हता आणि पूर्वीच्या पातळीवर खेळता येत नाही हे तिने स्वतःच सांगितलं. अनेकांना ते लवकर वाटलं. मला नाही वाटलं. व्यावसायिक दौऱ्यावर बारा वर्षं, प्रत्येक दुसऱ्या फटक्याला गुडघे जमिनीपर्यंत नेत, हार्ड कोर्टवर. तिच्या खेळाची जी खासियत होती, तिची किंमत पायांनीच मोजली. आणखी चार वर्षं पहिल्या फेरीत हरत राहून क्रमवारीत साठावी, सत्तरावी म्हणून रेंगाळण्यात तिच्या नावात काय भर पडली असती? मी तिचा निर्णय शहाणपणाचा मानते.

हा विषय मला इतका लागतो, कारण त्याचे परिणाम मी रोज पाहते. दहा वर्षांच्या मुलीचे वडील कुंपणाबाहेरून सांगतात, "मॅडम, हिचा फोरहँड अजून जोरात बसला पाहिजे." ड्रॉप शॉट चुकला की मुलीला तिथूनच डोळे वटारले जातात, जोरात मारलेला चेंडू बाहेर गेला की टाळ्या. बारा वर्षांखालच्या स्पर्धांत लवकर उंच झालेली मुलं जोराच्या बळावर जिंकतात आणि लहान चणीच्या, समज असलेल्या मुली दोन वर्षांत खेळ सोडून जातात. त्यांना कोणीतरी सांगायला हवं की तुमच्यासारख्या अंगाने, तुमच्याहून भित्र्या सर्व्हिसने एक बाई जगात दुसरी झाली होती.

माझ्याकडे म्हणून सरावाचा पहिला भाग जाळ्याजवळच्या छोट्या चौकोनांत होतो. जोर नाही, फक्त हात. स्लाइस, कोन, डोक्यावरून उचललेला चेंडू. काही पालकांना तो वेळ वाया गेला असं वाटतं आणि ते तसं बोलूनही दाखवतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. सिंगापूरचा तो अंतिम सामना घरी मुलीबरोबर बसून पाहा, एवढंच सांगते, आणि पाहताना क्विटोवा किती जोरात मारते आहे ते मोजू नका, ती प्रत्येक वेळी चुकीच्या जागी का उभी आहे ते मुलीला विचारा.